पगाराचे बदलते नियम आणि लहान उद्योजक: ठाणे-नवी मुंबईतील गाळेधारकांसाठी सोपी मांडणी

वागळे इस्टेटपासून रबाळे, महापे, पावणे, तुर्भेपर्यंतच्या पट्ट्यात दहा-पंधरा कामगारांची जी युनिटे आहेत, त्यांपैकी बहुतेक ठिकाणी पगाराचे काम पाहायला वेगळा माणूस नसतो. मालकच ऑर्डर घेतो, तोच माल मागवतो आणि महिना संपला की हजेरीपट समोर ठेवून तोच हिशेब करतो. पीएफ (भविष्य निर्वाह निधी) आणि ईएसआय (कामगार राज्य विमा) यांची चलने भरण्यासाठी बाहेरचा सल्लागार असतो, पण तो एकाच वेळी अनेक युनिटांचे काम सांभाळत असतो आणि महिन्यातून एकदाच भेटतो. त्यामुळे नियम बदलला, की तो गाळ्यापर्यंत पोहोचेपर्यंत जुन्या पद्धतीने एक-दोन पगार होऊन गेलेले असतात, आणि मग फरक काढणे, पुरवणी चलन भरणे व कामगारांना समजावणे असे तिहेरी काम मागे लागते.

२१ नोव्हेंबर २०२५ रोजी केंद्र सरकारने चार श्रमसंहिता लागू केल्या आणि २९ केंद्रीय कायदे त्यांत सामावले गेले, तेव्हापासून ही धावपळ वाढली आहे. या लेखात त्यांपैकी फक्त पगाराशी थेट संबंध असलेला भाग घेतला आहे. माझे मत आधीच सांगतो. यांतील बहुतेक नियम कामगाराच्या दृष्टीने योग्य आहेत आणि त्यांचा खर्च लहान उद्योजकाला वाटतो तितका मोठा नसतो. खरी अडचण अशी, की हे नियम वेगवेगळ्या तारखांना, वेगवेगळ्या कार्यालयांतून आणि कामगारसंख्येच्या वेगवेगळ्या मर्यादा घेऊन येतात. आणि त्याहूनही मोठी अडचण अशी, की पगार द्यायची तारीख कायद्याने पक्की आहे, पण पगारासाठी लागणारा पैसा ज्या बिलांतून येतो, त्यांची तारीख व्यवहारात कधीच पक्की नसते.

वेतन संहिता म्हणजे काय

वेतन संहिता संसदेने २०१९ मध्ये मंजूर केली होती. ती प्रत्यक्षात लागू व्हायला सहा वर्षे लागली. वेतन प्रदान कायदा १९३६, किमान वेतन कायदा १९४८, बोनस कायदा १९६५ आणि समान वेतन कायदा १९७६ हे चार कायदे तिने एकत्र केले. लहान उद्योजकाच्या दृष्टीने यातला महत्त्वाचा फरक व्याप्तीचा आहे. पूर्वी किमान वेतन हे सरकारने अनुसूचित केलेल्या रोजगारांनाच लागू होते, आणि वेळेवर पगार देण्याच्या तरतुदी महिना २४,००० रुपयांपर्यंत वेतन असणाऱ्यांपुरत्या होत्या. आता दोन्ही गोष्टी सर्व कर्मचाऱ्यांना लागू आहेत. त्यात हेल्पर आला तसा सुपरवायझरही आला, कारखाना आला तसे चार माणसांचे दुकानही आले.

जुन्या कायद्यांखाली निघालेल्या अधिसूचना आणि दर लगेच रद्द झालेले नाहीत. संहितेशी विसंगत नाहीत तोवर ते चालू राहतात, अशी तरतूद संहितेतच आहे. ‘नवा कायदा आला, आता जुने किमान वेतनाचे तक्ते संपले’ असा समज करून घेणे म्हणूनच धोक्याचे आहे.

निम्म्याचा नियम

सर्वांत जास्त गोंधळ ‘वेतन’ म्हणजे काय यावर आहे. संहितेनुसार वेतनात मूळ वेतन, महागाई भत्ता आणि काम नसताना कामगाराला राखून ठेवल्याबद्दलचा भत्ता येतो. घरभाडे भत्ता, प्रवास भत्ता, कमिशन, ओव्हरटाइम, बोनस, मालकाचा पीएफचा वाटा अशा काही रकमा वेतनातून वगळल्या आहेत. मात्र ग्रॅच्युइटी (नोकरी सुटताना सेवेच्या वर्षांनुसार मिळणारी रक्कम) आणि कामगार-कपातीची भरपाई सोडून या वगळलेल्या रकमांची बेरीज एकूण मोबदल्याच्या निम्म्याहून जास्त झाली, तर निम्म्यावर जाणारा भाग पुन्हा वेतनातच धरला जातो.

हा नियम का आला, हे कोणतेही जुने पगारपत्रक उघडले की कळते. माणसाला हातात मिळणारी रक्कम ठरवायची, मूळ वेतन शक्य तितके कमी दाखवायचे आणि उरलेले पैसे भत्त्यांच्या रकान्यांत भरायचे, म्हणजे पीएफ आणि ग्रॅच्युइटी कमी बसते, ही पद्धत मोठ्या कंपन्यांपासून लहान गाळ्यांपर्यंत सर्वत्र होती. सर्वोच्च न्यायालयाने २८ फेब्रुवारी २०१९ च्या निकालातच, सर्वांना सरसकट दिला जाणारा भत्ता पीएफसाठी मूळ वेतनाचाच भाग धरावा लागेल, असे म्हटले होते. म्हणजे दिशा आधीच ठरलेली होती. संहितेने तिला आकडा दिला.

एक उदाहरण घेऊ. एका कामगाराचा एकूण मोबदला महिना २९,००० रुपये आहे, त्यात मूळ वेतन आणि महागाई भत्ता मिळून १३,५०० रुपये आणि घरभाडे व प्रवास भत्ता मिळून १५,५०० रुपये आहेत. (सोपे जावे म्हणून मालकाचा पीएफचा वाटा या बेरजेत धरलेला नाही.) एकूण रकमेचे निम्मे १४,५०० होतात. भत्ते त्यापेक्षा १,००० रुपयांनी जास्त आहेत, म्हणून हे १,००० रुपये वेतनात मिळवले जातील आणि वेतन १४,५०० रुपये धरले जाईल. १२ टक्के दराने पीएफ पूर्वी १,६२० रुपये होता, तो आता १,७४० रुपये होईल. म्हणजे कामगाराच्या हातात १२० रुपये कमी येतील आणि मालकाचा खर्च १२० रुपयांनी वाढेल. बारा कामगारांमागे हा बोजा महिना १,४४० रुपये. तो शून्य नाही, पण ज्या घबराटीने त्याची चर्चा होते, तेवढाही नाही.

ज्यांचे वेतन १५,००० रुपयांपेक्षा आधीच जास्त आहे आणि ज्यांचा पीएफ १५,००० च्या मर्यादेवरच, म्हणजे १,८०० रुपये, कापला जातो, त्यांच्या हातातली रक्कम या नियमामुळे बदलत नाही. सप्टेंबर २०१४ मध्ये ठरलेल्या या मर्यादेच्या आधारे केंद्रीय श्रम मंत्रालयाने डिसेंबर २०२५ मध्ये हाच खुलासा केला. अनेक गाळ्यांत ‘आता पगार कमी येणार’ म्हणून कामगार हवालदिल झाले होते. त्यांना हे आकडे कागदावर मांडून दाखवणे हे मालकाचे काम आहे आणि त्याला दहा मिनिटांपेक्षा जास्त वेळ लागत नाही.

खरा परिणाम ग्रॅच्युइटीवर होतो, आणि त्याबद्दल फारच कमी लोक बोलतात. ग्रॅच्युइटी शेवटच्या वेतनावर काढली जाते: वेतनाला २६ ने भागायचे, १५ ने गुणायचे आणि सेवेच्या वर्षांनी गुणायचे. समजा, दुसऱ्या एका जुन्या ऑपरेटरचा एकूण मोबदला ४०,००० आहे, पण कागदावर वेतन १५,००० आणि भत्ते २५,००० आहेत. निम्म्याच्या नियमाने त्याचे वेतन २०,००० धरले जाईल. दहा वर्षांच्या सेवेची ग्रॅच्युइटी १५,००० वर ८६,५३८ रुपये होते. २०,००० वर ती १,१५,३८५ रुपये होते. वाढ फक्त पुढच्या वर्षांची नसून मागच्या सगळ्या वर्षांचा हिशेब नव्या वेतनावर होतो. शिवाय मुदतीच्या करारावर घेतलेल्या कामगाराला आता पाच वर्षांऐवजी एका वर्षानंतरच ग्रॅच्युइटी लागू होते. ज्या युनिटमध्ये वीस-वीस वर्षे काम केलेले तीन-चार जुने कारागीर आहेत, तिथे ही रक्कम आत्ताच काढून तिची तरतूद सुरू करायला हवी. माणूस निवृत्त व्हायच्या महिन्यात हा आकडा पहिल्यांदा पाहणे कोणालाच परवडणार नाही, त्या कारागिराला तर नाहीच.

वर्षातून दोनदा बदलणारे किमान वेतन

महाराष्ट्रात किमान वेतनाचे दोन भाग असतात. एक मूळ दर, जो सरकार काही वर्षांनी ठरवते. संहितेनुसार त्याचा आढावा पाच वर्षांच्या आत घ्यावा लागतो. दुसरा विशेष भत्ता, जो ग्राहक किंमत निर्देशांकाप्रमाणे दर सहा महिन्यांनी, १ जानेवारी आणि १ जुलैपासून बदलतो. त्यामुळे ज्या मालकाने दोन वर्षांपूर्वी किमान वेतनाचा तक्ता पाहून पगार ठरवले आणि नंतर पाहिलेच नाही, त्याचे पगार कोणताही हेतू नसताना किमान वेतनाखाली गेलेले असू शकतात. विशेष भत्त्याचे आकडे अनेकदा मुदत सुरू झाल्यानंतर हाती येतात, पण लागू मात्र पहिल्या तारखेपासून होतात, म्हणून मधल्या दिवसांचा फरक द्यावा लागतो. राज्य सरकारने हे आकडे महिनाभर आधी जाहीर केले, तर हजारो लहान आस्थापनांचे फरक काढण्याचे काम वाचेल. यात कोणाचेही नुकसान नाही, आणि हे व्हायलाच हवे असे मला वाटते.

दर पाहताना तीन गोष्टी जुळवाव्या लागतात: उद्योग कोणता, कामगार अकुशल, अर्धकुशल की कुशल, आणि कामाची जागा कोणत्या परिमंडळात, म्हणजे दरासाठी पाडलेल्या कोणत्या भौगोलिक विभागात, येते. ठाणे आणि नवी मुंबई या महापालिका असल्याने त्यांच्या हद्दीतील गाळे सामान्यतः वरच्या दराच्या परिमंडळात येतात. पण अनेकांचे ऑफिस वागळे इस्टेटला आणि गोदाम भिवंडीच्या ग्रामपंचायत हद्दीत असते, किंवा एक शेड बदलापूरला असते; अशा वेळी दर माणूस जिथे काम करतो तिथला धरायचा, ऑफिसच्या पत्त्याचा नाही. परिमंडळांची व्याख्या प्रत्येक उद्योगाच्या अधिसूचनेत वेगळी असू शकते, म्हणून शेजारच्या गाळ्यातल्या प्रिंटिंगवाल्याचा तक्ता इंजिनिअरिंगवाल्याने जसाच्या तसा वापरू नये.

आणखी एक नेहमीची चूक. ‘आम्ही एकूण इतके देतो, ते किमान वेतनापेक्षा जास्तच आहे’ असे सांगताना मालक घरभाडे भत्ता, जेवण, प्रवास असे सगळे मिळवून आकडा सांगतो. तुलना मात्र मूळ वेतन आणि विशेष भत्ता यांच्या बेरजेशी करायची असते.

सात तारीख, दोन दिवस आणि उचल

मासिक पगार पुढच्या महिन्याच्या सात तारखेच्या आत द्यायचा, हा नियम जुन्या कायद्यातही लहान आस्थापनांसाठी होता. रोजंदारीवाल्याला शिफ्ट संपताना, आठवड्याच्या हिशेबवाल्याला साप्ताहिक सुटीच्या आधी आणि पंधरवड्याच्या हिशेबवाल्याला पंधरवडा संपल्यावर दोन दिवसांत. नवीन आहे ते नोकरी सुटल्यावरच्या हिशेबाचे. पूर्वी मालकाने कामावरून काढले तर दोन दिवसांत पैसे देणे बंधनकारक होते. आता कामगाराने स्वतः राजीनामा दिला तरीही त्याचे राहिलेले वेतन दोन कामकाजाच्या दिवसांत द्यायचे आहे.

लहान गाळ्यात हा नियम पाळणे सर्वांत अवघड जाते, कारण तिथे ‘पुढच्या पगाराच्या तारखेला ये, हिशेब करू’ ही रीत मुरलेली आहे. त्यातच बरेच कामगार राजीनामा देतच नाहीत. माणूस होळीला किंवा पेरणीला गावी जातो, परत येण्याची तारीख पुढे ढकलत राहतो आणि मग एके दिवशी कळते की तो दुसरीकडे कामाला लागला. अशा वेळी त्याने फोनवर पाठवलेला ‘मी आता येणार नाही’ हा संदेश जपून ठेवावा आणि त्या तारखेपासून दोन दिवसांत त्याच्या बँक खात्यात रक्कम भरून हिशेबाची प्रत त्याला पाठवावी. चालू महिन्याची हजेरी रोजच्या रोज लिहिलेली असेल, तर हे काम अर्ध्या तासाचे आहे. ती महिनाअखेरीस आठवून लिहिली जात असेल, तर दोन दिवस पुरणार नाहीत.

उचलीचे तसेच. गणपतीत कोकणात जायचे, मुलांच्या शाळेची फी भरायची, घरात आजारपण आले, अशा वेळी मालकाकडून उचल घेणे ही कामगारांची मोठी सोय आहे आणि ती बंद व्हावी असे कोणी म्हणणार नाही. पण एका पगारातून सर्व कपाती मिळून वेतनाच्या ५० टक्क्यांपेक्षा जास्त होता कामा नयेत. १६,००० रुपये वेतन असलेल्या माणसाने २०,००० रुपये उचलले असतील, तर पीएफ, ईएसआय, व्यवसाय कर आणि उचलीचा हप्ता मिळून एका महिन्यात ८,००० रुपयांपलीकडे कापता येणार नाही. हप्ते किती आणि कोणत्या महिन्यापासून, हे उचल देतानाच एका कागदावर लिहून दोघांनी सही केली, की पुढचा वाद टळतो. तोंडी उचल आणि डायरीतली नोंद यांवर पुढे काहीही सिद्ध करता येत नाही.

ओव्हरटाइमबाबत मात्र स्पष्ट बोलायला हवे. ‘सिंगल ओटी’ देणे, म्हणजे जादा तासांना साधाच दर देणे, अनेक गाळ्यांत सर्रास चालते आणि ते बेकायदेशीर आहे. संहितेनुसार जादा कामाचा दर नेहमीच्या दराच्या किमान दुप्पट असला पाहिजे. महिना वेतन १५,६०० असेल तर २६ ने भागून दिवसाचे ६०० रुपये, आठ तासांनी भागून तासाचे ७५ रुपये, म्हणून ओव्हरटाइमचा दर तासाला १५० रुपये. मोठ्या ऑर्डरच्या महिन्यात माणसाने ४० तास जादा काम केले, तर त्याचे ६,००० रुपये होतात. सिंगल दराने त्याला ३,००० दिले, तर उरलेले ३,००० रुपये ही त्याची थकबाकी आहे. दहा कामगारांचे एका महिन्याचे ३०,००० रुपये झाले, आणि हीच पद्धत वर्षानुवर्षे चालली असेल तर आकडा कुठे जातो, याचा अंदाज प्रत्येकाने स्वतःच्या हजेरीपटावरून घ्यावा. ऑर्डरचा भाव देतानाच ओव्हरटाइमचा खर्च दुप्पट दराने धरणे हाच यावरचा उपाय आहे. कामगाराच्या जादा तासांतून ऑर्डरचा भाव भरून काढणे हा उपाय होऊ शकत नाही.

कितव्या माणसाला कोणता कायदा

किमान वेतन, वेळेवर पगार आणि स्त्री-पुरुषांना समान कामासाठी समान वेतन यांसाठी कामगारसंख्येची अट नाही. पाच कामगार झाले की महाराष्ट्र कामगार कल्याण निधी लागू होतो. वर्षातून दोनदा, जून आणि डिसेंबरच्या पगारातून, कामगाराचे २५ आणि मालकाचे ७५ रुपये हे २०२४ मध्ये सुधारलेले दर आहेत. रक्कम किरकोळ असल्यामुळेच ती विसरली जाते. दहा कामगारांवर ईएसआय आणि ग्रॅच्युइटी येते. २१,००० रुपयांपर्यंत वेतन असलेल्यांसाठी ईएसआयचे दर जुलै २०१९ पासून मालकाचे ३.२५ टक्के आणि कामगाराचे ०.७५ टक्के आहेत. वीस कामगारांवर पीएफ आणि बोनस लागू होतो. बोनस किमान ८.३३ टक्के आणि कमाल २० टक्के, आणि वर्षात तीस दिवस काम केलेलाही त्याला पात्र असतो. व्यवसाय करात एप्रिल २०२३ पासून महिना २५,००० रुपयांपर्यंत वेतन असलेल्या स्त्री कर्मचाऱ्यांना सूट आहे, तरी काही ठिकाणी जुन्या सॉफ्टवेअरमधून त्यांच्या पगारातून २०० रुपये अजून कापले जातात. तसे होत असेल तर ते पैसे परत करावेत.

दुकाने आणि आस्थापनांसाठी राज्याचा २०१७ चा कायदा आहे. दहापेक्षा कमी कामगार असतील तर त्याखाली पूर्ण नोंदणीऐवजी केवळ सूचना द्यावी लागे. सप्टेंबर २०२५ मध्ये राज्य मंत्रिमंडळाने ही मर्यादा वीस कामगारांपर्यंत नेण्याचा आणि दिवसाच्या कामाचे तास नऊवरून दहा करण्याचा निर्णय घेतला. हा बदल नोंदणी आणि तासांविषयीचा आहे. त्यामुळे दहा ते एकोणीस कामगारांच्या दुकानाचा ईएसआय किंवा किमान वेतन सुटले, असे मुळीच नाही, कारण ते वेगळे कायदे आहेत. वाशीच्या बाजार समितीत माल चढवणे-उतरवणे ज्यांच्याकडे आहे, त्यांच्यासाठी १९६९ चा माथाडी कायदा आणि माथाडी मंडळाची लेव्ही (मजुरीवर मंडळाकडे भरायची जादा रक्कम) ही स्वतंत्र व्यवस्था आहे.

संख्या मोजताना कंत्राटदाराची माणसेही मोजली जातात, हे लक्षात ठेवावे. स्वतःचे सोळा आणि कंत्राटदाराचे पाच असतील, तर पीएफसाठी ते एकवीस आहेत. एकदा पीएफ किंवा ईएसआय लागू झाला की नंतर संख्या घटली तरी तो सुटत नाही. म्हणून एकोणिसाव्या माणसावर थांबायचे आणि विसावा दुसऱ्याच्या नावावर दाखवायचा, ही युक्ती टिकत नाही. त्या विसाव्या माणसाला अपघात झाला, तर त्याच्याकडे विमा नसतो आणि मालकाकडे उत्तर नसते. कंत्राटदाराने आपल्या कामगारांचा पगार थकवला, तर जबाबदारी ज्याच्याकडे काम चालते त्या आस्थापनेवर येऊ शकते, म्हणून कंत्राटदाराचे बिल चुकते करण्याआधी त्याच्याकडून पगाराची बँक-नोंद आणि चलन मागून घ्यावे.

पीएफ आणि ईएसआयचे पैसे पुढच्या महिन्याच्या १५ तारखेपर्यंत भरायचे असतात. ही तारीख चुकली तर व्याज आणि दंड लागतो, हे बहुतेकांना ठाऊक आहे. पण कामगाराच्या पगारातून कापलेला वाटा उशिरा भरला तर १९६१ च्या प्राप्तिकर कायद्याखाली ती रक्कम मालकाच्या उत्पन्नात धरली जात असे आणि तिची वजावट मिळत नसे, हे सर्वोच्च न्यायालयाने ऑक्टोबर २०२२ मध्ये पक्के केले. त्या कायद्याखाली १६ तारखेला भरले तरी वजावट जात असे. याचा फटका वर्षअखेरीस लेखापरीक्षणात दिसे, तोपर्यंत दुरुस्तीची वेळ निघून गेलेली असे.

चूक सापडली तर

संहितेत अधिकाऱ्याचे पद ‘निरीक्षक तथा सुविधाकार’ असे आहे आणि पहिल्यांदा चूक आढळल्यास खटला भरण्याआधी ती सुधारण्याची संधी त्याने लेखी द्यायची आहे. पाच वर्षांच्या आत तशीच चूक पुन्हा झाली, तर मात्र ही संधी मिळत नाही. देय रकमेपेक्षा कमी पगार दिल्यास ५०,००० रुपयांपर्यंत दंड आहे. पाच वर्षांत पुन्हा तसे झाल्यास तीन महिन्यांपर्यंत कैद, एक लाखापर्यंत दंड किंवा दोन्ही. नोंदी नीट न ठेवल्याबद्दल १०,००० रुपयांपर्यंत दंड आहे.

दंडापेक्षा महत्त्वाच्या दोन तरतुदी आहेत. कामगाराला आता तीन वर्षांपर्यंत मागे जाऊन दावा करता येतो, आणि प्राधिकारी थकबाकीखेरीज तिच्या दहा पटींपर्यंत भरपाई देऊ शकतो. दुसरे म्हणजे, पगार दिला होता हे सिद्ध करण्याची जबाबदारी मालकावर आहे. रोखीने पूर्ण पगार देणारा सचोटीचा मालकसुद्धा कागद नसेल तर हरू शकतो. त्यामुळे हजेरी, पगारपत्रक, पगाराची पावती आणि बँकेची नोंद या चार गोष्टी एकमेकींशी जुळल्या पाहिजेत आणि किमान तीन वर्षांच्या हाताशी असल्या पाहिजेत. पगाराची पावती छापील असण्याची गरज नाही. फोनवर पाठवली तरी चालते, पण ती प्रत्येकाला, दर महिन्याला मिळाली पाहिजे. तीत मूळ वेतन, भत्ते, जादा तास आणि प्रत्येक कपात वेगळी दिसली, तर कामगार स्वतःच चूक दाखवून देतो, आणि ती त्याच महिन्यात सुधारता येते.

पगाराचा पैसा येतो कुठून

आता मूळ दुखण्याकडे येऊ. रबाळ्यातल्या एका जॉबवर्क युनिटमध्ये बारा कामगार आहेत आणि प्रत्येकामागे महिन्याचा खर्च २०,००० रुपये आहे असे धरले, तर महिन्याचे २,४०,००० रुपये होतात. महिनाअखेरीस बिल निघते. सात तारखेला पगार होतो, पंधराला पीएफ-ईएसआय जातो, वीसला जीएसटी भरावा लागतो, आणि मोठ्या ग्राहकाकडून बिलाचे पैसे येतात ते नव्वद दिवसांनी. म्हणजे तीन महिन्यांचे सव्वासात लाखांच्या घरातले पैसे फक्त पगारापोटी अडकून राहतात. उशिरा होणारे पगार आणि सिंगल ओटी यांच्या मुळाशी बहुतेक वेळा हीच ओढाताण असते. पण ही ओढाताण कामगाराच्या पगारातून भागवण्याचा अधिकार मालकाला मिळत नाही, आणि ज्या मोठ्या खरेदीदारांमुळे ती निर्माण होते, त्यांच्यावर कायद्याने बंधने घातलेली आहेत.

सूक्ष्म, लघु आणि मध्यम उपक्रम कायदा २००६ नुसार सूक्ष्म आणि लघु पुरवठादाराचे पैसे लेखी करार असेल तर जास्तीत जास्त ४५ दिवसांत आणि करार नसेल तर १५ दिवसांत द्यायचे असतात. उशीर झाल्यास रिझर्व्ह बँकेच्या बँक दराच्या तिप्पट दराने, महिन्याच्या चक्रवाढीने व्याज लागते. हे व्याज मागण्याची हिंमत फार थोडे करतात, कारण ग्राहक तुटण्याची भीती असते. २०२३ च्या वित्त कायद्याने आणलेली तरतूद या भीतीला काहीसा वळसा घालते: खरेदीदाराने या मुदतीत पैसे दिले नाहीत, तर त्या खर्चाची वजावट त्याला त्या वर्षी मिळत नाही, प्रत्यक्ष पैसे देईल त्याच वर्षी मिळते. त्यामुळे तक्रार न करताही मार्चच्या आत बिले निकाली निघण्याची शक्यता वाढते. तसेच २५० कोटींपेक्षा जास्त उलाढाल असलेल्या कंपन्यांना ट्रेड्स या बिल-वटवणुकीच्या मंचावर नोंदणी करणे बंधनकारक आहे. खरेदीदाराने तिथे बिल मान्य केले की बँका त्यावर बोली लावतात आणि पुरवठादाराला थोडी सूट सोडून पैसे लवकर मिळतात.

या सगळ्यासाठी उद्यम नोंदणी, म्हणजे सूक्ष्म, लघु व मध्यम उपक्रमांची सरकारी नोंदणी हवी, आणि ती फुकट आहे. एप्रिल २०२५ पासून वाढलेल्या मर्यादांनुसार अडीच कोटींपर्यंत गुंतवणूक आणि दहा कोटींपर्यंत उलाढाल असलेला उपक्रम सूक्ष्म, तर पंचवीस कोटी आणि शंभर कोटींपर्यंतचा लघु धरला जातो. म्हणजे वागळे इस्टेट आणि रबाळे-तुर्भे पट्ट्यातील बहुतेक गाळे यात बसतात. घाऊक आणि किरकोळ व्यापाऱ्यांना उद्यम नोंदणी मिळते, पण ती बँकांच्या प्राधान्य कर्जापुरती. ४५ दिवसांचे संरक्षण उत्पादन आणि सेवा देणाऱ्यांनाच आहे. उद्यम क्रमांक आणि उपक्रमाचा प्रकार प्रत्येक बिलावर छापावा, खरेदी आदेशातली मुदत ४५ दिवसांपेक्षा जास्त असेल तर ती आदेश स्वीकारण्यापूर्वीच लेखी बदलून घ्यावी, आणि माल पोहोचल्याची सही त्याच दिवशी घ्यावी, कारण मुदत माल स्वीकारल्याच्या तारखेपासून मोजली जाते. थकलेल्या बिलांसाठी सरकारच्या ऑनलाइन पोर्टलवरून राज्याच्या सुविधा परिषदेकडे अर्ज करता येतो, आणि तिथे सर्वांत आधी मागितली जाते ती हीच तीन कागदपत्रे: बिल, खरेदी आदेश आणि माल पोहोचल्याची सहीची प्रत.